मुलांचे वाचन आणि अक्षरांकडे लक्ष

(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात दिलेले व्याख्यान)



आजच्या समारंभात दोन शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. अशा प्रसंगी यशस्वी विद्यार्थ्यांचे कौतुक करावे आणि पालकांना चार उपदेशाच्या गोष्टी सांगाव्यात, अशी आपली परंपरा आहे. कौतुक तर मी मनापासून करतोच. परंतु उपदेशाच्या ऐवजी आज मला एक कबुली द्यावयाची आहे, आणि तिच्या अनुषंगाने मुलांच्या वाचनाविषयी थोडा विचार आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

मागील वर्षी मंडळाच्या वाचनस्पर्धेत लहान गटाचा परीक्षक म्हणून मी बसलो होतो. नियम साधा होता. उताऱ्यातील एखादे अक्षर गळाले, कानामात्रा चुकली किंवा शब्द बदलला की अर्धा गुण वजा. तिसरीतील एक मुलगी उभी राहिली. तिने उतारा असा वाचला, की जणू ती गोष्ट तिच्या समोर घडत होती. मात्र वाचताना तिने दोनदा 'आणि'च्या जागी 'व' म्हटले आणि एका ठिकाणी 'होते'चे 'होता' केले. मी दीड गुण कापला. तिच्या मागून आलेल्या मुलाने बोट ठेवून, एकेक अक्षर चाचपत, एकही चूक न करता उतारा पुरा केला. बक्षीस त्याला मिळाले. समारंभ आटोपल्यावर मी सहज त्याला विचारले, "बाळ, गोष्टीत शेवटी काय झाले?" तो माझ्याकडे पाहतच राहिला. त्याला ते सांगता आले नाही. त्यात त्याचा काही दोष नव्हता. त्याचे सारे बळ अक्षरे उचलण्यात खर्ची पडले होते.

त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. पस्तीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवून मी निवृत्त झालो. इतक्या वर्षांत हाच काटा मी किती मुलांना लावला असेन, हा विचार मनातून जाईना. मग या विषयावर विद्वानांनी काय शोधून काढले आहे ते मी पाहू लागलो. त्यातून जे हाती आले ते आपणांपुढे ठेवतो.

प्रथम एक गंमत करू. सभेच्या आरंभी आपणा सर्वांना एक चिठ्ठी दिली होती. तिच्यावर हे वाक्य आहे: 'आजोबा आणि आजी सणासाठी पुण्याहून आले आणि त्यांनी गणूसाठी नवी पाटी, पेन्सिल आणि एक चित्रांचे पुस्तकही आणले.' यात 'ण' किती, हे एकदाच वाचून सांगा, असे मी म्हटले होते. कोणी चार म्हणाले, कोणी पाच, एक आजोबा तर तीनवरच थांबले. पुण्यातला जोडाक्षरी 'ण' धरून ते सात आहेत. ज्यांचे चुकले त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. त्यांनी आता पुन्हा पाहावे. पुष्कळांचे 'आणि'मधले 'ण' निसटलेले दिसतील. 'आणि' हा शब्द आपण जन्मभर इतक्या वेळा वाचला आहे, की डोळा त्याच्यावरून सरळ पुढे जातो.

ही घरगुती गंमत झाली. परंतु पाश्चात्त्य देशांत मानसशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट प्रयोगशाळेत काटेकोरपणे तपासली आहे. 1966 साली कॉर्कोरन या संशोधकाने 'नेचर' नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. वाचकांना इंग्रजी उतारा देऊन त्यातील प्रत्येक 'ई' अक्षरावर खूण करावयास सांगितले. जो 'ई' लिहिला जातो पण उच्चारला जात नाही, तो वाचकांच्या नजरेतून अधिक सुटला. म्हणजे मनातल्या मनात वाचतानाही आपला कान जागा असतो. पुढे 1976 साली ॲलिस हीली या विदुषीने 'टी' अक्षर शोधावयास लावले. तेव्हा असे दिसले, की इंग्रजीतील 'द' या उपपदातला 'टी' वाचक प्रमाणाबाहेर सोडून देतात. नामांच्या बाबतीतही त्यांना हेच आढळले. दुर्मिळ नामातले अक्षर सापडते, नित्याच्या नामातले अधिक वेळा निसटते. शब्द जितका ओळखीचा, तितके त्यातले अक्षर अधिक अदृश्य.

आता आपल्या विषयाशी याचा संबंध पाहा. 1978 साली ॲडम ड्रेव्नोव्स्की यांनी पहिली ते पाचवीच्या मुलांना आणि प्रौढांना अशाच परीक्षेला बसवले. त्यातून त्यांनी असा निष्कर्ष काढला, की वाचनाच्या पायऱ्या असतात. नवशिक्या मुलाचा घटक एकेक अक्षर हा असतो. वाचन मुरत जाते तसतसा संपूर्ण शब्द, आणि मग शब्दांचा पुंजका हा त्याचा घटक बनतो. थोडक्यात, परिचित शब्दातले अक्षर निसटणे हे पुष्कळदा निष्काळजीपणाचे लक्षण नसून प्रगतीचे लक्षण असते. माझ्या त्या तिसरीतल्या मुलीने 'आणि'ला 'व' म्हटले, तेव्हा तिने अक्षर सोडले होते. अर्थ सोडला नव्हता. अर्थ हाती नसता तर तिच्या तोंडून नेमका 'व' आलाच नसता.

असे का घडते, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. काही म्हणतात, ओळखीचा शब्द अखंड उचलला जातो, त्यामुळे त्यातली अक्षरे सुटी दिसत नाहीत. काही म्हणतात, वाक्याचा सांगाडा उभा करण्यासाठी मन अशा जोडशब्दांचा उपयोग करते आणि काम झाले की त्यांना मागे टाकून अर्थाकडे वळते. हिब्रू भाषेत आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखी काही अक्षरे शब्दाच्या आरंभी जोडली जातात. कोरियात आणि ग्रीनबर्ग या संशोधकांनी दाखविले आहे, की तेच अक्षर प्रत्यय म्हणून आले तर वाचक ते अधिक वेळा चुकवतात आणि शब्दाचे मूळ अंग म्हणून आले तर कमी वेळा. आपल्या मराठीतही 'घरात'चा 'त' आणि 'गवत'चा 'त' यांत हाच फरक आहे. ज्ञातीतील जे तरुण मानसशास्त्राचा अभ्यास करीत आहेत, त्यांनी हा प्रयोग मराठीत अवश्य करून पाहावा.

इथवर ऐकून काही मातापित्यांना वाटेल, की मास्तरांनी बरे सांगितले. आता मुलांच्या कानामात्रेकडे पाहण्याचे कारण उरले नाही. बंधुभगिनींनो, नेमका हाच घोटाळा एकदा पंडितांच्या हातूनही झाला आहे, आणि त्याची किंमत मुलांना मोजावी लागली आहे.

1886 साली जेम्स कॅटेल यांनी आपले प्रयोग प्रसिद्ध केले. जर्मनीत लाइपझिग येथे वुंट यांच्या प्रयोगशाळेत ते काम करीत. वाकबगार वाचक आखूड शब्द सुट्या अक्षराइतक्याच चटकन ओळखतो, असे त्यांना आढळले. शोध खरा होता. परंतु पुढे त्याच्या आधारे काही शिक्षणतज्ज्ञ म्हणू लागले, की मोठी माणसे शब्द अखंड वाचतात, तेव्हा मुलांनाही चित्रासारखे अखंड शब्दच शिकवा. अक्षरे घोकून घेण्याची आवश्यकता नाही. अमेरिकेत या पद्धतीचा बराच काळ बोलबाला होता. 1967 साली जीन चॉल यांनी या वादाचा साक्षेपाने आढावा घेतला आणि आरंभी अक्षर व ध्वनी यांचा संबंध पद्धतशीर शिकविणे हितकर असते असे दाखविले. 2000 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन मंडळाचा अहवालही त्याच बाजूचा निघाला.

त्या तज्ज्ञांची चूक कोठे झाली? पट्टीचा गवई सुरांची नावे उच्चारीत नाही, म्हणून शिष्याला सारेगम शिकवू नये असे म्हणण्यासारखी ती चूक होती. शेवटच्या पायरीवर जे दिसते तेच पहिल्या पायरीवर शिकवावे, असा त्यांनी समज करून घेतला. शिवाय पट्टीच्या वाचकाचा डोळा अक्षरे पाहतच नाही, हेही खरे नव्हे. 1969 साली रायकर यांनी क्षणभर अक्षरे दाखवून पाहिली. सुटे अक्षर ओळखण्यापेक्षा शब्दात बसलेले तेच अक्षर लोक अधिक अचूक ओळखतात, असे त्यांना दिसले. म्हणजे अक्षरे मनात शिरतात, आपले काम करतात आणि तेथून निघून जातात. आपले लक्ष मात्र त्यांच्यावर रेंगाळत नाही. ज्याच्या मनात अक्षरे पक्की बसली आहेत त्यालाच त्यांच्याकडे दुर्लक्ष करण्याची चैन परवडते.

ही गोष्ट मी पुस्तकातून शिकण्यापूर्वी एका मुलीने मला शिकवली होती, पण मी शिकलो नाही. माझी दुसरी कबुली हीच. नोकरीच्या आरंभीच्या काळात माझ्या दुसरीच्या वर्गात एक मुलगी होती. धडा वाचावयास उभी केली की खडाखड म्हणे. योग्य जागी थांबे, योग्य वेळी पान उलटी. मी तिला वर्गात पहिली बसवली आणि तपासणीस आले की तिलाच पुढे करी. तिसरीत नवे पुस्तक आले तेव्हा तिचे तोंड मिटले. मी फळ्यावर 'कपाट' लिहिले. तिला ते वाचता आले नाही. वर्षभर तिचा थोरला भाऊ घरी मोठ्याने धडे वाचीत असे, ते तिने कानांनी उचलले होते. अक्षर म्हणून तिच्या ओळखीचे फारच थोडे होते. दोन वर्षे मी तिची हुशारी मिरवली आणि तिचे वाचन एकदाही तपासले नाही. पुढे ती मागे पडली ती पडलीच. चौथीनंतर तिचे नाव पटावरून निघाले. घरच्या अडचणी होत्या हे खरे. तथापि वाचता येत असते तर तिला शाळेत राहावेसे वाटले असते, हे मी आज स्वतःपासून लपवू शकत नाही.

तिच्यासारखी मुले आजही पुष्कळ आहेत. ग्रामीण भारतातील मुलांच्या वाचनाची पाहणी करणाऱ्या 'असर' अहवालात 2022 साली असे आढळले, की पाचवीतील शंभरांपैकी सुमारे त्रेचाळीस मुलांनाच दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येत होता. आपल्या ज्ञातीत शिक्षण पुष्कळ आहे, आपल्याला या आकड्यांशी काय कर्तव्य, असे कोणी समजू नये. शहरात राहणारी आपली कित्येक नातवंडे इंग्रजी पुस्तके झरझर वाचतात, आणि आजीने स्वहस्ते लिहिलेले चार ओळींचे मराठी पत्र आईकडून वाचून घेतात. मराठी त्यांच्या कानात आहे, डोळ्यांत नाही.

आपल्या लिपीचा विचार करता मुलांना थोडा अवधी देणे भाग आहे. इंग्रजीची मूळ अक्षरे सव्वीस. आपल्याकडे 'क'पासून 'ळ'पर्यंतची चौतीस व्यंजने घेतली आणि प्रत्येकाची बारा रूपे धरली, तरी बाराखडीच 408 अक्षरांची होते. जोडाक्षरे निराळीच. त्यातही लिपीच्या काही खोड्या आहेत. 'कि' लिहिताना वेलांटी आधी येते, उच्चारताना ती मागून येते. 'सूर्य' शब्दातला 'र' आधी उच्चारावा लागतो, पण तो रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. मोठ्यांना हे कधी जाणवतही नाही. मुलाला मात्र या प्रत्येक ठिकाणी थांबावे लागते. आपल्या शेजारच्या कन्नड लिपीची घडण अशीच आहे. सोनाली नाग यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कन्नड मुले पहिल्या काही इयत्तांपर्यंत अक्षरांचा साठा गोळा करीतच असतात, असे दिसून आले. यास्तव दुसरीतले मूल जोडाक्षराशी अडले तर ते मंद आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्या जुन्या लोकांना या पायऱ्या उमगलेल्या होत्या, असे मला वाटते. धूळपाटीवर बोटाने अक्षर गिरवताना मूल त्याचे वळण हाताने अनुभवत असे. पुढे मोठेपणी तेच कारकून मोडी दफ्तरे वाचीत. मोडीत शब्दाशब्दांत अंतर सोडलेले नसे आणि ऱ्हस्वदीर्घाचा भेदही पाळलेला नसे. तरी मजकूर त्यांना अडत नसे, कारण अक्षर पक्के असल्यावर उरलेले काम अर्थ करीत असे. देवनागरीला आपण 'बाळबोध' म्हणतो. बाळाला बोध व्हावा म्हणून प्रत्येक अक्षर सुटे आणि स्पष्ट. त्यानंतरच मोडीचा वेग.

येथे कोणी विचारील, मग शुद्धलेखनाचे काय? 'दिन' आणि 'दीन', 'सुत' आणि 'सूत' यांत वेलांटी-उकारानेच अर्थ पालटतो. शुद्धलेखनाचे महत्त्व मी रतिमात्र कमी लेखीत नाही. माझे म्हणणे इतकेच, की अर्थासाठी वाचणे आणि अक्षरासाठी वाचणे ही दोन निराळी कामे आहेत. छापखान्यातील मुद्रितशोधकाला विचारा. एकजण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा छापलेल्या मजकुरात अक्षर अन् अक्षर ताडून पाहतो, अशी त्यांची जुनी रीत आहे. कथेत रंगलात तर चुका निसटतात, हे ते जाणून असतात. स्वतःच्या लेखातील चूक लेखकाला दिसत नाही, तीही याच कारणाने. त्याला अर्थ आधीच ठाऊक असतो. मोठ्यांना जे एका वेळी साधत नाही, ते आठ वर्षांच्या मुलाकडून आपण कोणत्या न्यायाने मागतो?

आता व्यवहाराकडे वळतो. आपले मूल अक्षरे ओलांडून पुढे गेले आहे की अक्षरांपर्यंत पोहोचलेच नाही, हे आईवडिलांनी कसे ओळखावे? बाहेरून दोन्ही मुले अक्षर सोडतानाच दिसतात. त्यांची पारख करण्याचा एक सोपा उपाय आहे. त्याला निरर्थक शब्द लिहून द्या: 'मकुटी', 'पिरसू', 'झोलक', 'तर्मे'. असे शब्द पाठ केलेले असू शकत नाहीत आणि अर्थावरून त्यांचा तर्कही बांधता येत नाही. ते मूल बरोबर वाचीत असेल, तर त्याची अक्षरे पक्की आहेत. मग गोष्ट वाचताना त्याने 'आणि'चा 'व' केला तरी त्याला मध्येच टोकू नका. परिच्छेद संपेपर्यंत थांबा आणि गोष्टीविषयी प्रश्न विचारा. अर्थ बिघडविणारी चूक असेल तर मात्र ते वाक्य पुन्हा वाचावयास सांगा. बहुधा त्याचे तेच ती दुरुस्त करील.

परंतु त्या निरर्थक शब्दांपाशी मूल अडखळले, तर ते कितीही खडाखड वाचीत असो, समाधान मानू नका. त्याला अंकलिपीकडे परत न्या. पुन्हा पाटी घ्या, गिरवून घ्या, वेलांटी-उकार वेगळे काढून दाखवा, वर्तमानपत्रातील मथळ्यांत नेमके एक अक्षर शोधण्याचा खेळ खेळा. यात कमीपणा मानू नका आणि त्या मुलालाही तो वाटू देऊ नका. शुद्धलेखनासाठी दिवसातली निराळी दहा मिनिटे ठेवा. गोष्टीच्या पुस्तकावर लाल पेन्सिल चालवू नका.

शेवटी मंडळाच्या चरणी माझ्या तीन नम्र विनंत्या आहेत. पहिली अशी, की वाचनस्पर्धेचा नियम बदलावा. गळलेल्या अक्षराला गुण कापण्याऐवजी अर्धे गुण नव्या शब्दांच्या अचूक वाचनाला आणि अर्धे गुण उतारा समजल्याबद्दल द्यावेत. उतारा मुलांनी पूर्वी न पाहिलेला असावा. दुसरी, शुद्धलेखनाची स्पर्धा स्वतंत्र घ्यावी. तिच्यात एका कानामात्रेचीही गय करू नये. तिसरी, मंडळाच्या सभागृहात रविवारी सकाळी एक तास मराठी वाचनवर्ग चालवावा. माझ्यासारखे निवृत्त शिक्षक ज्ञातीत पुष्कळ आहेत. आम्हांला मानधन नको. एक सतरंजी, फळा आणि मुले मिळाली म्हणजे पुरे. पहिल्या रविवारी मी हजर राहीन.

मागच्या वर्षीची ती तिसरीतली मुलगी आज या सभेत तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिचे नाव मी घेत नाही, कारण ती लाजेल. बाळ, तुझा दीड गुण मी चुकीने कापला. ते बक्षीस आता परत फिरवता येत नाही, आणि ज्याला ते मिळाले त्यानेही ते कष्टानेच मिळवले होते. म्हणून मी माझ्यातर्फे तुम्हां दोघांसाठी एकेक गोष्टीचे पुस्तक आणले आहे. तू ते वाच आणि त्याला गोष्ट सांग. त्याने ते वाचावे आणि त्यातली अवघड जोडाक्षरे तुला दाखवावीत. दोघांजवळ जे आहे ते दोघांनाही हवे आहे.